फराळाचा तक्ता आणि माझी मुलगी

महोदय,

कोणता फराळ किती चालल्यावर ‘जिरतो’ याचा तक्ता आपण दिवाळीत पुरवणीत छापलात. माझ्या मुलीला असे तक्ते तोंडपाठ होते. अकरावीत असताना तिला खाण्याचा विकार (ईटिंग डिसऑर्डर) जडला. ती पोळीचे बारीक तुकडे करत तासभर ताटापुढे बसायची. आम्हाला वाटायचं, हिचं दुखणं म्हणजे न खाणं. एकदा रात्री दोनला तिने मला उठवून विचारलं, “आई, दुपारच्या वरणात तूप होतं का गं?” ताट उचलून बारा तास झाले होते आणि तिचा हिशेब अजून चालूच होता. काल काय खाल्लं, उद्या काय टाळायचं, मावशी दंडाकडे का बघत होती, आपण किती वाईट... घाण्याच्या बैलासारखं तेच ते.

“एवढा विचार करू नकोस,” असं आम्ही शंभरदा म्हटलं असेल. त्याने तिला फक्त अपराधी वाटलं.

एका समुपदेशकांनी सांगितलं, आधी मनाची तयारी होऊ दे, मग खाईल. त्यात चार महिने गेले. पुढे भेटलेल्या मनोविकारतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला १९४४-४५ चा प्रयोग सांगितला. अँसेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते खिन्न झाले, माणसांना टाळू लागले, अन्नाचाच विचार करू लागले. काही तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. बारीक व्हायची हौस त्यांना नव्हती. उपाशी मेंदूच असा अडकतो. म्हणून वेळच्या वेळी खाणं आधी सुरू करायचं, विचारांवरचं काम त्याच्या जोडीने.

आम्ही ताटावरचे वाद बंद केले. जेवणानंतरचा अर्धा तास तिला सर्वांत जड जायचा. तेव्हा मी तिच्याजवळ मेथी निवडत बसायचे, गप्पा भलत्याच विषयावर. सुधारायला दीड वर्ष लागलं. हा आजार मुलग्यांनाही होतो आणि अंगाने भरलेल्यांनाही, पण त्यांच्या बाबतीत तो घरच्यांच्या अनेकदा लक्षात येत नाही.

असे तक्ते कृपया छापू नका. त्या जागी या आजाराची माहिती आणि ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. मुलगी आता कॉलेजात डबा नेते, संपवून आणते. तरीही यंदा ते पान मी तिच्या हाती पेपर पडायच्या आत काढून ठेवलं.

– एक आई, सातारा