ज्वारी नाइलाजाची नव्हे

रविवारच्या पुरवणीतील युद्धकाळातील रेशनवरचा लेख वाचला. ब्रिटनमधील १९४० ते १९५४ च्या शिधावाटपाची माहिती उत्तम. पण आपल्याकडे लोकांना ज्वारी-बाजरीवर दिवस काढावे लागले, हे विधान खटकले. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथला तांदूळ बंद झाला आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशन आले. अडचण होती ती तांदळाची. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी आमच्या ताटात युद्धाआधीही होती, आजही आहे. पातळ थापून, भाजून मंद आचेवर कडक केलेली भाकरी महिनाभर सहज टिकते. सोबत शेंगाचटणी असली की झाले. टिकाऊ पदार्थांच्या यादीत लेखकाला जॅम आठवला, कडक भाकरी मात्र नाही!

– एक वाचक, सोलापूर