नागपूरच्या इतवारीतल्या त्या काकांचे मनापासून आभार

आईच्या पंच्याहत्तरीला बाबांनी काढलेल्या फिल्म दाखवायच्या, असं आम्ही भावंडांनी ठरवलं होतं. सुपर ८ ची, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याच्या अरुंद फिल्मची, ५० फुटांची चार रिळं. एकेक जेमतेम सव्वातीन मिनिटांचं. आदल्या दिवशी प्रोजेक्टर लावला तर दिवा पेटला, मोटर घुमली, पण रीळ हलेना. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. सीताबर्डीत दोन दुकानांनी हात वर केले.

इतवारीत टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मात्र मला स्टूल दिलं आणि झाकण उघडलं. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून, त्यांनी पुलीच्या खाचेतला काळा चिकटा तासभर काढला. डब्यातले सात-आठ पट्टे ताणून पाहिले, तेव्हा एक बसला. मग रिळाच्या सुरुवातीची पांढरी कोरी पट्टी हातभर कापून घेतली आणि तीच तीनदा चालवली. "बाबांची फिल्म फाटली तं कुठून आणान?" म्हणाले. फिल्म मध्येच अडकली तर आधी दिवा बंद करा, नाहीतर जळेल, हेही दोनदा बजावलं.

पैसे फक्त पट्ट्याचे घेतले. "राहू द्या ना जी, मायसाठी आहे."

बाबा कायम कॅमेऱ्यामागे. फिल्ममध्ये अंबाझरी तलावाच्या काठावर त्यांची नुसती सावली दिसते. आई उठली आणि पडदा म्हणून लावलेल्या चादरीवरच्या त्या सावलीवर तिनं हात ठेवला.

काका, घाईत तुमचं नावही विचारलं नाही. आम्हा सगळ्यांकडून, आणि आईकडून खास, खूप खूप आभार.