होम प्लेटमागच्या खुर्चीतल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका,

तोंडावर मी तुम्हाला नावानेच हाक मारायचे, तिकडे सगळे तसंच करतात आणि तुम्हालाही तेच आवडायचं, पण मराठीत लिहायला बसले आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नुसत्या नावाने लिहायला हात धजेना, म्हणून काका. इंग्रजीत थँक्यू मी तुम्हाला शंभरदा म्हटलंय, प्रत्येक गेम संपल्यावर पार्किंगमध्ये म्हटलंय, पण ते गाडीचं दार लावेपर्यंत विरून जायचं. पोटातलं सांगायचं तर मला माझ्याच भाषेत सांगावं लागतं. तुमची नात फोनवर ट्रान्सलेट करून वाचून दाखवेल म्हणालीये. आणि इथे वाचणाऱ्या आपल्या लोकांनाही कळू दे की बेसबॉलच्या पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, बघायचं म्हणजे काय बघायचं आणि ते मला कोणी शिकवलं.

२०१८ चा ऑक्टोबर होता. नवऱ्याची नोकरी अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला, आम्ही जवळच्या पिओरियात राहायला, मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे मला काम करायची परवानगी नाही, ओळखीचं कोणी नाही, दुपार झाली की घर खायला उठायचं. अमरावतीत शाळा-कॉलेजात मी सॉफ्टबॉल खेळलेली, कॅचर होते, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारी, आणि इथे घरापासून दहा मिनिटांवर पिओरिया स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, जिथे संध्याकाळी लाइट लागलेले दिसायचे, म्हणून एक दिवस सहज गेले. ॲरिझोना फॉल लीग असं काही असतं हे मला तिथे गेल्यावर कळलं. १९९२ पासून चालू आहे, मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या, तीसही टीम आपापली होतकरू पोरं इथे पाठवतात, त्यांच्या सहा टीम करतात, आणि ती पोरं फिनिक्सच्या आसपासच्या स्प्रिंग ट्रेनिंगच्या मैदानांवर महिना-दीड महिना खेळतात. स्टँड बरेचसे रिकामे. गर्दी काय ती होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या मागे, हातात वेग मोजायची रडार गन घेतलेल्या स्काउट लोकांची, म्हणजे टीमसाठी खेळाडू पारखणाऱ्यांची, पिचरने हात वर नेला की सगळ्या गन एकदम वर, पिच, म्हणजे टाकलेला चेंडू, पडली की सगळ्या एकदम खाली.

तुमची गन मात्र पायाशी बॅगेत होती. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते आणि तुम्ही मला विचारलंत, तू कॅचर होतीस का? मी चाटच पडले. माझा डावा हात म्हणे प्रत्येक पिचला आपोआप वळत होता, ग्लव्ह घातल्यासारखा. सात महिन्यांत मला माझ्याबद्दल कोणी काही विचारलं असेल तर ते हेच. तुमच्यासाठी ती एक साधी चौकशी असेल, मी त्या रात्री घरी येऊन आईला फोन करून सांगितलं होतं.

मग पहिलाच धडा. पहिली इनिंग, म्हणजे नवातला पहिला डाव, गन काढायची नाही. चेंडू बघायचाच नाही. पाय बघायचे. आणि मला एकदम आमचे शाळेतले सर आठवले, ते ओरडायचे, "चेंडू नको पाहू पोरी, पाय पाह, पाय!" अमरावतीचा वऱ्हाडी सर आणि तुम्ही, मधे अख्खी पृथ्वी, आणि सांगणं तेच.

ज्यांनी फक्त क्रिकेट बघितलंय त्यांच्यासाठी सांगते. बॉलरला रन-अप असतो, पिचरला नसतो. दहा इंच उंच मातीचा उंचवटा, त्यावर एक रबरी पट्टी, तिथून होम प्लेट ६० फूट ६ इंच, आणि जी काही ताकद काढायची ती एका पावलात. पुढचा पाय वर घ्यायचा, वजन मागच्या पायावर धरायचं, मग कंबर पुढे निघते, हात ग्लव्हमधून सुटतो, पुढचा पाय पडतो, आणि खांद्याचा पीळ सुटून शेवटी हात येतो. तुम्ही मला एकच क्षण पकडायला लावलात, पुढचा पाय जमिनीला लागला त्या क्षणी चेंडूवाला हात कुठे आहे? वर येऊन तयार असेल तर पायाची-कमरेची ताकद सरळ चेंडूत जाते. अजून खालीच लोंबत असेल तर हात मागे राहिला, आता त्याला धावत येऊन गाठायचंय, आणि ते ओझं खांद्यावर आणि कोपरावर पडतं. हे इतक्या पटकन होतं की पहिले चार-पाच गेम मला काही म्हणजे काही दिसलं नाही. तुम्ही एकदाही वैतागला नाहीत. परत बघ, एवढंच. मग तुम्ही मला उठवून थर्ड बेसच्या, म्हणजे प्लेटमागून बघताना डाव्या, बाजूला नेलंत, कारण राइटहँडर पिचर स्ट्रेचमध्ये, म्हणजे बेसवर रनर असताना घेतो त्या पवित्र्यात, तिकडे तोंड करून उभा असतो, त्याची छाती आणि हात पूर्ण उघडा दिसतो, लेफ्टी असेल तर फर्स्ट बेसच्या बाजूला जायचं. तिथे जाऊन बसले आणि कोणीतरी पडदा सरकवल्यासारखं झालं, हात मागे राहतो म्हणजे काय ते धडधडीत दिसलं.

मार्कांचं पण एक मजेशीर आहे. स्काउट लोक २० ते ८० मध्ये मार्क देतात, ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी. आपल्याकडे ५० टक्के पडले की घरी तोंड लपवायची वेळ, म्हणून मी सुरुवातीला सगळ्यांना ६५-७० वाटत सुटले होते, आणि तुम्ही वही बघून म्हणालात की ५० म्हणजे जगातल्या सगळ्यात अवघड लीगमध्ये पोटापुरतं कमवू शकेल इतकं चांगलं, ते असं उधळू नको. आणि दिलेला मार्क खोडायचा नाही, पुढच्या वेळी नवीन लिहायचा, जुना तसाच राहू द्यायचा. माझ्या पहिल्या वहीत ते सगळे ७० अजून तसेच आहेत.

आता तो गेम, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. २०१९ ची फॉल लीग, उंचापुरा राइटहँडर, ९७ मैलाने टाकत होता, म्हणजे ताशी १५६ किलोमीटर, आणि गनवाले सगळे खुश. फास्टबॉल, शेवटी बाजूला वळणारा स्लायडर, आणि चेंजअप, तीन पिचेस. चेंजअपची गंमत ही की हात फास्टबॉलसारखाच जोरात आला पाहिजे आणि चेंडू मात्र आठ-दहा मैल हळू, बॅटर फसतो तो हाताला बघून. पेद्रो मार्टिनेझचा चेंजअप तुम्ही मला जुन्या व्हिडिओत कितीदा दाखवलात, १९९९ साली २३ जिंकले, ४ हरले, ३१३ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर, आणि हाच माणूस ज्याला अंगाने लहान म्हणून त्याच्या पहिल्या टीमने, डॉजर्सने, दुसऱ्या टीमला देऊन टाकलं होतं. तर या पोराचा हात पण अगदी तसाच यायचा, दोन्ही पिचला एकसारखा, तुम्ही चेंजअपला ५५ लिहिलेत. मी मात्र अडकले होते ग्लव्हवर. चेंजअपला चेंडू तळहातात खोल बसवावा लागतो, बोटं फाकवावी लागतात, त्याला जागा लागते, आणि हा पोरगा ग्लव्हच्या आत ग्रिप बदलायला लागला की ग्लव्ह जरासा फुगायचा, करंगळीकडची बाजू बाहेर यायची. फास्टबॉलला नाही. मी दोन इनिंग गप्प बसले, वाटलं मलाच भास होतोय. तिसऱ्या इनिंगला धीर करून हळूच म्हटलं, चेंज. पडला चेंजअप. मग फास्टबॉल. मग परत, चेंज. सहा वेळा म्हटलं, सहाच्या सहा बरोबर. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि माझ्याकडे नाही, त्याच्या ग्लव्हकडे बघत राहिलात. आणि पाचव्या इनिंगला समोरच्या बॅटरला पण ते दिसलं असावं, कारण तो चेंजअपची वाटच बघत उभा होता, आणि चेंडू लेफ्ट-सेंटरच्या भिंतीवर जाऊन आपटला.

तुम्ही ५५ खोडला नाहीत. खाली नवीन ओळ लिहिलीत की ग्लव्हमुळे पिच कळतेय, दुरुस्त होण्यासारखं आहे. आणि मला समजावलंत की दोष दोन जातीचे, ग्लव्ह फुगणं दोन-तीन बुलपेन सेशनमध्ये, म्हणजे सरावात, सुटेल, पण २३ वर्षांच्या पोराचा हात मागे राहत असेल तर ते वर्षानुवर्षांचं वळण आहे, ते बदलायला गेलं की कधी कधी आहे तेही जातं. मग खिशातून तुमचं स्टॉपवॉच काढून माझ्या हातावर ठेवलंत, म्हणालात माझा अंगठा आता उशिरा दाबला जातो, यापुढे वेळ तू घे. तुमच्या रिपोर्टमध्ये जाणारे आकडे, माझ्या अंगठ्यावर! मी त्या रात्री झोपले नाही काका.

वेळेचं गणित मला कॅचर म्हणून आधीच आवडायचं, तुम्ही त्याला टोक आणलंत. रनर फर्स्ट बेसवर असताना पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये पडेपर्यंत १.३ सेकंद म्हणजे ठीक, कॅचरने पकडून सेकंड बेसला पोचवायला साधारण २ सेकंद, झाले ३.३. पिचरनेच दीड सेकंद खाल्ला तर कॅचरचा हात कितीही तोफ असो, रनर पोचला. आमच्या वेळी रनरने असा पळून बेस घेतला, म्हणजे चोरी झाली, की शिव्या कॅचरला पडायच्या, मला तर खूपच पडल्यात, आणि इतक्या वर्षांनी कोणीतरी मला आकड्यांत दाखवलं की त्यातल्या कितीतरी चोऱ्या पिचरच्या पायापासूनच सुरू झाल्या होत्या.

एक गोष्ट मला तुमची फार आवडायची, तुम्ही डिलिव्हरी, म्हणजे टाकण्याची ढब, बघून कोणाचं भविष्य सांगत नव्हता. मी मेजर लीगमधल्या ख्रिस सेल नावाच्या पिचरचा तो खालून, जवळजवळ बाजूने येणारा हात बघून म्हटलं होतं की हा टिकणार नाही. २०१० ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला तेराव्या नंबरला घेतलं तेव्हाही खूप लोकांना हीच भीती होती. २०२० ला त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं, टॉमी जॉनचं म्हणतात ते, कोपरातला लिगामेंट बदलायचं, आणि मी तुम्हाला फोन करून म्हटलं, बघा, झालंच. तुम्ही म्हणालात त्याने त्याआधी किती वर्षं टाकलं ते मोज. आणि २०२४ ला अटलांटाकडून त्याने साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, जिंकलं तेव्हा मीच परत फोन केला. टिम लिन्सेकम पण तसाच, पाच फूट अकरा इंच, उंचीपेक्षा लांब पाऊल टाकणारा, २००६ ला दहाव्या नंबरला गेला, मग २००८ आणि २००९ लागोपाठ साय यंग. जेकब डिग्रॉम तर कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप, नवव्या राउंडला घेतलेला. ही नावं तुम्ही मला यासाठी सांगायचात की माझ्या वहीतला एखादा ४० पण असा निघू शकतो. मारियानो रिव्हेराचं पण तेच, जवळपास एका कटरवर, म्हणजे शेवटी जरासा वळणाऱ्या फास्टबॉलवर, ६५२ सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन राखलेले विजय, म्हणजे किती पिचेस येतात ते मोजण्याआधी त्यातली एक कशी येते ते बघ.

२०२० ला फॉल लीग झालीच नाही. सगळं बंद, मी परत चार भिंतींत, आणि तुम्ही दर रविवारी फोन करून जुना एखादा गेम सोबत बघायला लावायचात, तुम्ही तुमच्या सोफ्यावर, मी माझ्या. कमांड म्हणजे काय ते मी तेव्हा शिकले. स्ट्राइक, म्हणजे प्लेटवरच्या ठरलेल्या चौकटीत, टाकणं वेगळं आणि कॅचरने जिथे ग्लव्ह धरलाय तिथेच टाकणं वेगळं, म्हणून टीव्हीवर फक्त कॅचरचा ग्लव्ह बघायचा, तो किती हलला. ग्रेग मॅडक्स या पिचरच्या जुन्या गेममध्ये ग्लव्ह हलतच नाही, कॅचर झोपलाय की काय असं वाटतं. ते रविवार नसते तर माझं काय झालं असतं याचा मी विचार करत नाही. नवऱ्यालाही माहितीये हे, त्याच्याकडूनही थँक्यू.

आता हॉक-आय कॅमेरे आहेत, फिरकी किती, हात किती फुटांवरून सुटला, सगळं मोजून येतं, आणि तुम्ही त्यावर कधी नाक मुरडलं नाहीत, उलट माझ्याकडूनच ते चार्ट वाचायला शिकलात. फक्त चार्ट आधी बघायचा नाही एवढाच तुमचा हट्ट. मी अजून पाळते. माझं वर्क परमिट आलं त्यानंतर मी इथल्या मुलींच्या सॉफ्टबॉल टीमला कॅचिंग शिकवते, शनिवारी सकाळी, आणि तिथे पण पहिला अर्धा तास चेंडू काढत नाही, फक्त पाय.

या ऑक्टोबरला तुम्ही नव्हतात. गुडघ्यांमुळे मुलीकडे राहायला गेलात, बरंच झालं, पण ती खुर्ची रिकामी बघून पहिल्या दिवशी मला बसवेना. दिवाळीचा चिवडा डब्यात तसाच घेऊन गेले होते, तुमच्या वाटणीचा बाजूच्या स्काउटला दिला, त्याला तिखट लागला. तुम्हाला कधी लागायचा नाही. वेगळा डबा कुरियरने पाठवलाय.

आणि हे गेल्या गुरुवारचं, तुम्ही मागितलं होतंत म्हणून. लेफ्टी, बारीक अंगाचा. पहिली इनिंग गन काढली नाही. पाय पडतो तेव्हा हात वर असतो, दर वेळी, फर्स्ट बेसच्या बाजूला जाऊन दोनदा खात्री केली. पाऊल जरा आडवं पडतं, त्यामुळे लेफ्टी बॅटरना चेंडू पाठीमागून आल्यासारखा वाटतो, दोघं मागे सरकले. फास्टबॉल ५०, वेग कमी पण उशिरा दिसतो. स्लायडर ५५. चेंजअप ४५, हात थोडा हळू होतो, सुधारेल असं वाटतं. कमांड ५०, कॅचरला फार हलावं लागलं नाही. रनर असताना १.२८, १.३१, १.३०, तुमच्याच स्टॉपवॉचवर. ग्लव्ह चार इनिंग बघितला. फुगत नाही.

रविवारी फोन करते.

तुमची,
पिओरियाची कॅचर