रूझवेल्ट ॲव्हेन्यूवरच्या शेजारणीस

प्रिय बेसीना,

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या रविवारी शाळेच्या जेवणघरात लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, रहिवाशांची सभा सुरू होण्याआधीच सगळ्यांना बजावलं होतं, फोटो काढायचे नाहीत आणि कुणाचं नाव बाहेर सांगायचं नाही. ते मी पाळते आहे. तसंही इतकी वर्षं आपण एकमेकींना 'बेसीना' म्हणूनच हाक मारतो. स्पॅनिशमध्ये बेसीना म्हणजे शेजारीण. औषधांच्या दुकानात काउंटरपलीकडून तुम्ही मला पहिल्यांदा तशी हाक मारलीत, तेव्हा तो तुमच्याकडचा 'मॅडम' असेल असं मला वाटलं होतं.

पत्र मराठीत आहे, कारण तुम्हीच म्हणालात, "तुला ज्या भाषेत सुचतं त्या भाषेत लिही, मग मला वाचून दाखव." दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा मी ते तुम्हाला अर्थ सांगत वाचून दाखवीन. पण ते आमच्या माणसांसाठीही आहे. न्यूयॉर्कच्या आसपासचे मराठी लोक जॅक्सन हाइट्सला चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर येतात, मेथी, कढीपत्ता, पोह्यांची पाकिटं घेतात आणि परत जातात. सात नंबरच्या गाडीने आणखी चार स्टेशनं पुढे गेलं की कोरोना प्लाझा लागतो. (वस्तीचं हे नाव त्या साथीच्या फार आधीचं आहे.) तिथे उतरणारे आमच्यातले फार थोडे. मी तर तिथे सतरा वर्षं औषधं देते आहे, आणि तरी स्टेशनचा जिना ते दुकानाचं शटर एवढीच ती वस्ती मला माहीत होती.

सभेला तुम्हीच बोलावलंत. लॅटिनो रहिवाशांचे प्रश्न, घर, काम, शाळा, कागदपत्रं, असं लिहिलेला कागद तुम्ही माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "तू पण ये, तू इथलीच आहेस." मी दहा मिनिटं उशिरा पोहोचले. दाराशी एक मुलगी कानात घालायची यंत्रं वाटत होती. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी असतील, असं मी धरून चालले. पण सभा स्पॅनिशमध्ये होती, आणि यंत्रं होती इंग्रजीवाल्यांसाठी. शाळेचे शिक्षक, एक वकील, नगरपालिकेतून आलेले दोघं, सगळे कान टवकारून बसले होते. एरवी ज्यांच्यापुढे तुम्ही लोक शब्द शोधत उभे राहता, ते त्या दिवशी शब्द शोधत होते. माझ्यापर्यंत येईतो यंत्रं संपली. परत फिरावं असं मनात आलं होतं, खरंच सांगते. तेवढ्यात तुम्ही तिसऱ्या रांगेतून उठलात, एक खुर्ची ओढून आपल्याजवळ घेतलीत, मला बसवलंत आणि माझ्या कानाशी वाकून इंग्रजीत सांगू लागलात. त्यानंतर जवळजवळ तीन तास तुम्ही थांबला नाहीत.

तुमच्या मुठीत एक घडी केलेला कागद होता. तुम्हालाही बोलायचं होतं. पाऊण तासाने तुमचा नंबर आला, तर तुम्ही मान हलवून पुढच्या माणसाला जायला सांगितलंत. का, ते मला तेव्हा कळलं नाही. बसथांब्यावर विचारलं तेव्हा म्हणालात, "मी पुढे गेले असते तर तुला कोणी सांगितलं असतं?" या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले आहे.

त्या दिवशी जे ऐकलं, त्यातलं एक मला अजून झोपू देत नाही. निळा स्वेटर घातलेली ती आई. डॉक्टरांच्या खोलीत दुभाषी नव्हता, म्हणून तिच्या दहा वर्षांच्या मुलाला मधे उभं केलं. तिच्या छातीतल्या गाठीबद्दल डॉक्टर जे बोलले ते त्या मुलाने आईला सांगितलं. मग आईला काय विचारायचं होतं ते डॉक्टरांना सांगितलं. आणि घरी येताना गाडीत तो आईला म्हणाला, "मी चुकीचं तर नाही ना सांगितलं?" हे सांगताना तुमचा आवाज माझ्या कानात फुटला, पण तुम्ही एकही शब्द गाळला नाहीत.

माझी मान खाली गेली, कारण हे मीही केलेलं आहे. फार वर्षांपूर्वी एक गृहस्थ बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. रक्तदाबाची गोळी होती. मी मुलीला समजावलं, तिने वडिलांना समजावलं, माझं काम झालं. संध्याकाळी ते एकटेच परत आले. बाटलीवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं, मग दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, आणि वर आणखी एक. इंग्रजीत 'वन्स' म्हणजे एकदा, पण तीच अक्षरं स्पॅनिशमध्ये 'ओन्से' वाचली जातात आणि त्याचा अर्थ होतो अकरा. मुलीने सांगितलेलं बरोबर होतं, चिठ्ठी मात्र रोज अकरा गोळ्या घ्या म्हणत होती. बाटलीत तीसच गोळ्या होत्या, म्हणून त्यांना शंका आली आणि ते विचारायला आले. नसते आले तर? आमच्या धंद्यात हा घोटाळा माहीत नसलेला माणूस विरळा. तरीही मी तो होऊ दिला होता, कारण मधे एक चुणचुणीत पोरगी होती आणि मला घाई होती.

नियम नाहीत असं नाही. औषधांच्या मोठ्या साखळी दुकानांनी भाषांतर द्यायलाच हवं, असा कायदा या शहराने २००९ साली केला. दवाखान्यांनी, तातडीची वेळ सोडून, अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरू नये, असं केंद्र सरकारने २०१६ साली नियमात घातलं. शहराच्या कार्यालयांसाठी २०१७ च्या कायद्याने दहा भाषा ठरल्या. स्पॅनिश त्यात आहे, बंगाली आणि उर्दूही आहेत. मराठी नाही, हिंदीही नाही. पण नियम कागदावर असतो, आणि खोलीत डॉक्टर, आई आणि दहा वर्षांचा मुलगा असतो.

तुमच्या घडी केलेल्या कागदावर काय होतं, तेही तुम्ही बसथांब्यावर सांगितलंत. तळघर. १ सप्टेंबर २०२१ ची रात्र. आयडा वादळाच्या उरलेल्या ढगांनी सेंट्रल पार्कवर एका तासात तीन इंचांहून जास्त पाऊस ओतला होता. मला मुंबईची २६ जुलै आठवली, तसं मी तुम्हाला म्हणालेही. त्या रात्री या शहरात तेरा माणसं गेली, त्यातली अकरा तळघरातल्या घरांमध्ये. वुडसाइडला एक नेपाळी कुटुंब गेलं, दोन वर्षांच्या बाळासकट. म्हणजे तळघर फक्त तुमच्या लोकांचा प्रश्न नाही, तिथे आमच्या उपखंडाचीही माणसं राहतात. तुमच्या खोलीत पाणी आधी न्हाणीघराच्या जाळीतून वर आलं, मग दारातून. दार आतल्या बाजूने उघडणारं असतं तर आपण आज बोलत नसतो, असं तुम्ही अगदी साध्या सुरात सांगितलंत.

मी लगेच विचारलं, तक्रार का नाही केली? तुम्ही रागावला नाहीत. समजावून सांगितलंत की तक्रार केली तर तपासणीला माणूस येतो, जागा राहण्यालायक नाही असा आदेश दाराला चिकटवतो आणि त्याच दिवशी बाहेर पडावं लागतं. घरमालकाचं जे व्हायचं ते पुढे होतं, भाडेकरूचं छप्पर आधी जातं. करार नाही, पावती नाही. म्हणून पाणी उपसायचं, भिंतीला चुना मारायचा, गप्प बसायचं. ज्याला माझ्यासारखं तिसऱ्या मजल्यावर लेखी करारावर घर मिळालं आहे, त्याला हे आपणहून कधीच सुचलं नसतं.

बाकीचं पटापट आठवतं. आठवडाभर भिंती रंगवून घेऊन पैसे द्यायच्या वेळी फोन बंद करणारे कंत्राटदार. खाद्यपदार्थांच्या गाड्यांच्या परवान्यांवर १९८३ पासून असलेली मर्यादा, आणि २०२१ च्या कायद्याने दर वर्षी ४४५ नवे परवाने द्यायचं ठरलं तरी न सरणारी रांग. रात्री अफवा पसरली की कागदपत्रं नसलेल्यांची धरपकड होणार, मग दुसऱ्या दिवशी दुकानात शुकशुकाट. हे मात्र मला कोणी सांगायला नको होतं, न्यायला कोणी न आलेली औषधं मीच कपाटात परत लावते.

साथीचा विषय निघाला तेव्हा सभा एकदम शांत झाली. मार्च २०२० मध्ये एल्महर्स्ट हॉस्पिटलमध्ये एका दिवसात तेरा माणसं गेली, ते दिवस आपण दोघींनीही काढले आहेत, काचेच्या दोन बाजूंना. पण एक गोष्ट मला नव्याने कळली. ज्यांच्याकडे कागदपत्रं नव्हती त्यांना कुठलीच मदत मिळत नव्हती, म्हणून २०२१ च्या वसंतात काही कामगार तेवीस दिवस उपोषणाला बसले. त्यानंतर राज्याने २.१ अब्ज डॉलरचा निधी काढला, आणि पात्र माणसाला १५,६०० डॉलरपर्यंत रक्कम मिळाली. त्या उपोषणात बसलेली एक बाई सभेत बोलली. तुम्ही इंग्रजी शब्द वापरलात, माझ्या मनात 'उपोषण' हाच उमटला. आमच्याकडे या शब्दाला काय वजन आहे, ते मी तुम्हाला निवांत सांगेन.

आणि ते निवृत्त मास्तर! १९६५ च्या कायद्याबद्दल मी आजवर फक्त कृतज्ञतेने ऐकलं होतं. त्या कायद्याने अमेरिकेचं दार आशियाला उघडलं. आमचे डॉक्टर, इंजिनिअर, पुढे माझ्यासारख्या औषधवाल्या त्याच दाराने आत आल्या. आमच्या मंडळांतल्या भाषणांत तो येतो तो असाच. मास्तरांनी त्याचं दुसरं पान वाचून दाखवलं. त्याच कायद्याने मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या सगळ्या मुलखातून येणाऱ्यांवर पहिल्यांदाच संख्येची मर्यादा घातली, वर्षाला एक लाख वीस हजार, १९६८ पासून. ज्या सहीने मी आत आले, त्याच सहीने तुमच्या लोकांसाठी दार अरुंद झालं. त्या क्षणी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि भाषांतर करता करता माझ्या मनगटावर हात ठेवलात. मला काय वाटलं असेल हे तुम्हाला कसं कळलं?

स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या सगळ्यांना मिळून 'हिस्पॅनिक' म्हणतात, त्या शब्दावरून वाद झाला, तोही मला आवडला. जनगणनेत हा प्रश्न सगळ्यांना १९८० साली विचारायला लागले. एक म्हातारे गृहस्थ ठणकावून म्हणाले की मी कोलंबियाचा, मला त्या डब्यात कोंबू नका. दुसरी म्हणाली, "डब्यात बसलो म्हणून तर मोजले गेलो. २०२० च्या मोजणीत या शहरात आपण जवळजवळ पंचवीस लाख आहोत." मला दोघांचंही पटलं.

मग त्या तरुण मुलाने उठून विचारलं, "आणि ज्यांची भाषा स्पॅनिशसुद्धा नाही त्यांचं काय?" तेव्हा तुम्ही पहिल्यांदा थबकलात. नंतर हळूच म्हणालात, "हा माझ्याबद्दल बोलतोय." तुमची भाषा किचवा. इक्वेडोरच्या डोंगरात आजीकडून आलेली. स्पॅनिश तुम्ही शाळेत मार खाऊन शिकलात, इंग्रजी इथे लोकांची घरं झाडता झाडता. म्हणजे ते तीन तास तुम्ही एका शिकलेल्या भाषेतून दुसऱ्या शिकलेल्या भाषेत ओतत होतात, एका मराठी बाईसाठी. आपल्या दोघींची भाषा त्या खोलीत कुठेच नव्हती. मेळघाटातली कोरकू बोलणारी बाई तालुक्याच्या दवाखान्यात मराठी डॉक्टरपुढे बसते, ती मला तेव्हा आठवली. तिच्या दृष्टीने मराठी काय असेल, हा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता.

आता दुकानाबद्दल. मालकांशी बोलले आहे. चिठ्ठीवर आता 'एकदा' हा शब्द अक्षरात लिहायचा नाही, आकडा घालायचा आणि खाली स्पॅनिश ओळ छापायची. फोनवरच्या दुभाष्याचा नंबर काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. मूल बरोबर आलं तर त्याला चॉकलेट द्यायचं आणि बाकावर बसू द्यायचं. किचवासाठी दुभाषी मिळतो का, ते विचारते आहे. अजून मिळालेला नाही. आणि पुढच्या सभेला मी अर्धा तास आधी येणार आहे, म्हणजे यंत्र मिळेल आणि तुम्ही तुमचा कागद वाचाल.

एक राहिलं. निघताना तुम्ही मला डबा दिलात, आत मक्याच्या सालीत उकडलेल्या चार हुमिता. साल सोलली आणि वाफेचा तो वास आला तेव्हा मला हळदीच्या पानातले पातोळे आठवले. चारही मी एकटीने खाल्ल्या, नवऱ्याला एकही दिली नाही. डबा अजून माझ्याकडेच आहे. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, असं आमच्याकडे असतं. दिवाळी आली आहे, करंज्या शनिवारी तळणार आहे. सोमवारी दुकानावरून जाल तेव्हा आत या.

युपायचानी, म्हणजे तुमच्या किचवात धन्यवाद. उच्चार चुकला असेल तर सांगा.

तुमची,
औषधांच्या दुकानातली बेसीना