नगराध्यक्षपदासाठी घराण्यातला उमेदवार: मत देण्यापूर्वी कोणते कागद पाहावेत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भगूर, सिन्नर, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, येवला, मनमाड, नांदगाव, सटाणा. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही नगरपरिषदेची निवडणूक लागली की नगराध्यक्षपदाच्या उमेदवारांत एखादा तरी असा असतो, ज्याच्या प्रचाराचे भाषण वडिलांचे, काकांचे किंवा सासऱ्यांचे नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही. त्यावर गावात दोन गट पडतात. ‘साहेबांच्या घरातला आहे, निधी आणेल’ असे एक गट म्हणतो, ‘घराणेशाही नको, पाडा त्याला’ असे दुसरा. उमेदवाराची तपासणी मात्र दोघांपैकी कोणीच करत नाही. माझ्या मते प्रश्न एकच आहे: घराचा फायदा आणि गावाचा फायदा समोरासमोर आले तर हा माणूस घराला ‘नाही’ म्हणेल का? नगराध्यक्षाच्या खुर्चीत हे प्रसंग कुठे येतात ते ठरलेले आहे आणि त्यांचा माग कागदांवर लागतो.

आधी खुर्चीविषयी. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे दैनंदिन कारभार आणि कर्मचारी मुख्याधिकाऱ्याच्या, म्हणजे शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, हाती असतात. नगराध्यक्ष सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान घेतो, समसमान मते पडली तर निर्णायक मत देतो आणि स्थायी समितीचाही तोच सभापती असतो. ही निवड थेट जनतेतून व्हावी असा बदल 2016 मध्ये झाला, 2020 मध्ये तो रद्द झाला आणि 2022 मध्ये पुन्हा आणला गेला. थेट निवडीमुळे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातले बहुमत दुसऱ्याचे, असे होऊ शकते. अशा सभागृहात घराण्याचे वजन चालत नाही. विषयपत्रिका नीट लावणे, विरोधी नगरसेवकांना आधी भेटून घेणे, मुख्याधिकाऱ्याशी भांडण न करता फाईल पुढे नेणे, ही कामे स्वतःच करावी लागतात. म्हणून उमेदवार पूर्वी नगरसेवक असेल तर त्या मुदतीतली हजेरी आणि इतिवृत्ते पाहावीत. तो कोणत्या विषयावर बोलला, कुठे विरोध नोंदवला, हे इतिवृत्तात असते. 2021-22 मध्ये मुदती संपल्यावर अनेक नगरपरिषदांवर दीर्घकाळ प्रशासक होते, त्यामुळे इतिवृत्ते त्याआधीच्या मुदतीची मागावी लागतात, हे ध्यानात ठेवावे.

निधीचा दावा थोडा सोडवून पाहायला हवा. पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान ठरलेल्या सूत्राने आले. लहान शहरांसाठी त्यातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. शिवाय लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर टाकणे आणि मालमत्ता कराचे किमान दर ठरवणे या अटी होत्या. त्यात कोणाच्या वडिलांचा संबंध नाही. ‘वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी विशेष अनुदान’ किंवा नगरोत्थान ही राज्याची शहर विकास योजना यांच्या मंजुरीला मात्र मंत्रालयातली ओळख उपयोगी पडते, हे मान्य केले पाहिजे. पण नगरोत्थानातही नगरपरिषदेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो आणि तो येतो घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीतून. तेव्हा वारसदाराला विचारायचे ते हे: मोठ्या थकबाकीदारांच्या यादीत तुमच्या घरातल्या, संस्थेतल्या, भागीदारीतल्या मिळकती आहेत का? उमेदवारी अर्जासोबत थकबाकी नसल्याचा दाखला जोडला एवढ्यावर समाधान मानू नये. पावतीवरची तारीख पाहावी. अनेक वर्षांची बाकी अर्जाच्या आदल्या दिवशी एकरकमी भरलेली असेल, तर वसुलीबाबतची त्या घराची वृत्ती कळते.

आता उमेदवारी अर्जासोबतचे शपथपत्र. त्यात उमेदवार, जोडीदार आणि अवलंबून असलेल्या व्यक्ती यांचीच मालमत्ता येते. वडील, काका, वेगळा राहणारा भाऊ हे अवलंबून नसतात, म्हणून घराण्यातल्या उमेदवाराचे शपथपत्र बरेचदा फारच साधे दिसते. ही उणीव भरून काढता येते. घरातले कोणी 2014, 2019, 2024 मध्ये विधानसभा किंवा लोकसभा लढले असेल तर त्यांची शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. ती शेजारी ठेवून वाचावीत. इथे एक चूक हमखास होते: लोक एकूण रकमेची तुलना करतात. नाशिकच्या आसपास जमिनीचे भाव वाढले की काही न घेताही आकडा फुगतो. म्हणून रक्कम सोडून गट क्रमांक मोजावेत आणि खरेदीची तारीख व खरेदीवेळची किंमत हे रकाने पाहावेत. पदावर असतानाच्या वर्षांत नवे गट किती आले, हे त्यातून कळते.

गुन्ह्यांच्या रकान्यातही कलमे वाचावीत, नुसती संख्या नको. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 37 व 135, जुन्या दंड संहितेचे 188 (न्याय संहितेत 223) ही बहुधा मोर्चा, रास्ता रोको, जमावबंदी यांची कलमे. कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर बसणाऱ्यावर ती लागतातच आणि त्यासाठी कोणाला नाकारू नये. फसवणुकीचे 420 (नवे 318) किंवा सोपवलेल्या पैशाच्या अपहाराचे 409 (नवे 316 चे पोटकलम 5) दिसले तर मात्र थांबून चौकशी करावी. प्रत्येक खटल्याला मिळणारा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर टाकला की खटला कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसते. गुन्हा दाखल होणे, आरोप निश्चित होणे आणि शिक्षा होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये.

‘तरुण आहे, पण अनुभवी आहे’ असे सांगितले जाते तेव्हा तो अनुभव बहुतेकदा घराच्या ताब्यातल्या पतसंस्थेचा, सोसायटीचा किंवा शिक्षण संस्थेचा असतो. तोही मोजता येतो. सहकारी संस्थेच्या वार्षिक अहवालात लेखापरीक्षणाचा वर्ग छापलेला असतो: अ, ब, क किंवा ड. उमेदवार संचालक झाल्यापासून तो वर चढला की घसरला? 1960 च्या सहकार कायद्याच्या कलम 83 खाली चौकशी झाली का, कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी कोणावर निश्चित झाली का? अ वर्ग टिकवून ठेवलेल्या वारसदाराला मी कोऱ्या पाटीच्या उमेदवारापेक्षा निश्चितच वरचे स्थान देईन.

खरी कसोटी ठेक्यांत आहे. नगरपरिषदेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे ही कायद्याने अपात्रता आहे, म्हणून ठेका उमेदवाराच्या नावावर सहसा नसतो. तो मेहुण्याच्या, जुन्या कार्यकर्त्याच्या किंवा भागीदारी संस्थेच्या नावावर असू शकतो. शोध असा घ्यावा. गेल्या तीन-चार वर्षांतल्या कामांच्या निविदांचे निकाल महाटेंडर्स या संकेतस्थळावर पाहावेत. एकेका कामाला किती निविदा आल्या, तीच तीन नावे आलटून पालटून येतात का, मंजूर दर अंदाजपत्रकाच्या किती वर-खाली आहे, हे टिपून घ्यावे. प्रत्येक कामाला नेमके तीनच निविदाकार आणि दर अंदाजपत्रकाला चिकटलेले, असे वारंवार दिसले तर स्पर्धा नावापुरतीच झाली, असा संशय घ्यायला जागा आहे. ठेकेदाराचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की व्यापारी नावामागचे कायदेशीर नाव समोर येते. एकाच गल्लीतल्या रस्त्याचे तीन तुकडे करून तीन अंदाजपत्रके केली असतील, तर ज्या रकमेपुढे ई-निविदा काढावीच लागते ती मर्यादा चुकवण्याचा तो जुना मार्ग आहे. कामाच्या दर्जासाठी मोजमाप पुस्तक मागावे. त्यात काँक्रीटची लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते आणि टेप घेऊन रस्त्यावर गेल्यास पहिल्या दोन गोष्टी कोणालाही पडताळता येतात.

जमिनीचे प्रकरण याहून अवघड, कारण तिथे काहीही न करता फायदा होतो. विकास आराखड्यात बागेसाठी, शाळेसाठी, बाजारासाठी आरक्षण पडलेली जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन घ्या, नाहीतर मोकळी करा’ अशी नोटीस, देतो. त्यानंतर 24 महिन्यांत नगरपरिषदेने संपादनाची पावले उचलली नाहीत की आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. सभेत विषय आलाच नाही, पैशांची तरतूद झाली नाही, पत्राला उत्तर गेले नाही, एवढ्याने गावाची बाग जाते आणि कोणाची सहीही सापडत नाही. शहराच्या कडेला मोठी शेती असलेल्या घराण्यातला उमेदवार असेल तर शपथपत्रांतले गट क्रमांक विकास आराखड्याच्या नकाशावर लावून पाहावेत. आरक्षणात गट निघाला म्हणजे उमेदवार दोषी ठरत नाही. पण त्या जमिनीबाबत खरेदी सूचना दिली आहे का आणि तो विषय सभेत आला तर तुम्ही अध्यक्षस्थान सोडाल का, हे त्याला जाहीर सभेत विचारावे. लगेच ‘हो’ म्हणणारा आणि विषय बदलणारा यांत मतदाराला फरक कळतो. त्र्यंबकेश्वरसारख्या गावात 2027 च्या सिंहस्थामुळे जागेला आणि कामांना जी किंमत आली आहे, ती पाहता हा प्रश्न तिथे टाळून चालणारच नाही.

पद महिलेसाठी राखीव झाले की वारस म्हणून सून, पत्नी किंवा कन्या पुढे येते. तिच्याकडे ‘नावापुरती’ म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. घरात राहून राजकारण जवळून पाहिलेल्या स्त्रिया उत्तम कारभार करू शकतात. फक्त तिला स्वतःला बोलू द्यावे. मनमाडमध्ये वागदर्डी धरणातला साठा आणि पाण्याच्या पाळीतले अंतर, येवल्यात पालखेड कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे ठरावीक काळाने सुटणाऱ्या पाण्यावर, भरणारा साठवण तलाव, हे विषय काढावेत. उत्तर शेजारी बसलेल्या दादांनी दिले, तर खुर्चीत कोण बसणार ते समजते. सभेच्या कामकाजात नगराध्यक्षांच्या पतीला किंवा सासऱ्यांना भाग घेण्याचा कोणताही अधिकार नाही, हे तिने प्रचारातच जाहीर केले तर तिच्यावर विश्वास ठेवायला ते मोठे कारण आहे.

बहुतेक प्रभाग दोन सदस्यांचे असतात, म्हणजे मतदाराला नगराध्यक्षाचे एक आणि नगरसेवकांची दोन अशी मते असतात. ‘पॅनेल टू पॅनेल’, म्हणजे सगळी मते एकाच पॅनेलला द्या, असे सांगितले जाते, पण तिन्ही मते वेगवेगळ्या चिन्हांना देता येतात. नगराध्यक्ष घराण्यातला आणि नगरसेवक त्याला अडवू शकणारे, अशी निवडही गावाच्या हिताची ठरू शकते.

माहिती अधिकाराचा अर्ज वेळेवर गेला नाही तर यातले निम्मे कागद हाती येत नाहीत. उत्तराची मुदत 30 दिवस आणि निवडणुकीचा कार्यक्रम साधारण त्याच्या आतच उरकतो, म्हणून अर्ज घोषणेच्या दोन महिने आधी द्यावा. नमुना ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर 150 शब्दांत, एका अर्जात एकच विषय. ‘हे काम अमुकला का दिले?’ असे विचारले की अर्ज निकाली निघतो, कारण माहिती अधिकाऱ्याने खुलासा द्यायचा नसतो, असलेला कागद द्यायचा असतो. म्हणून कागदाचेच नाव लिहावे: तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, अंतिम देयक. प्रतीचे पानाला दोन रुपये पडतात. उत्तर आले नाही तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील करता येते.

संपादक महोदय, एक विनंती. माघारीची मुदत संपली की प्रत्येक नगरपरिषदेतल्या सर्व नगराध्यक्ष उमेदवारांची शपथपत्रे, घराण्यातल्यांची असोत वा इतरांची, एका तक्त्यात छापावीत. त्यात जमिनींचे गट आणि खरेदीची वर्षे, प्रलंबित खटल्यांची कलमे, शासकीय देणी, आणि घरातल्या लोकप्रतिनिधीच्या मागच्या शपथपत्रातले तेच रकाने असावेत. माघारीच्या दुसऱ्याच दिवशी अंकात आले तर मतदारांना ते वाचून उमेदवाराला प्रश्न विचारायला काही दिवस तरी मिळतील.

आपला,
एक निवृत्त नगरपरिषद लेखापाल, नाशिक रोड