परड्यातली निर्गुडी

ऑकलंड, १८ ऑक्टोबर

ती. सौ. अक्कास सा. न.

चंदगडला पोरं बरी आहेत ना? भाओजींची कंबर कशी आहे? फोनवर सगळं बोलून होत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

परवा रात्री भांडी घासताना खिडकीच्या काचेवर थापटल्यासारखा आवाज आला. बघतो तर पतंग! भाताच्या कोवळ्या तरव्यासारखा हिरवा, माझ्या पंजाएवढा. खानापुरात पावसाळ्यात ओट्यावरच्या दिव्याला मोठे तांबूस पतंग यायचे, आठवतात? तेवढाच. शेजारच्या आजी म्हणाल्या, हा पुरीरी पतंग. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरच होतो, जगात दुसरीकडे कुठंच नाही. मादीचे पंख १५ सेंटीमीटरपर्यंत भरतात.

खरं नवल त्याच्या अळीचं गे. लहानपणी ती रानातल्या कुजक्या लाकडावरची बुरशी खाते. मग जिवंत झाडावर चढून खोडात बीळ पाडते, आधी आडवं, मग सरळ खाली. तोंडाशी रेशमाचा पडदा विणून त्यात भुसा असा गुंफते की सालीत नि त्यात फरक कळत नाही. पडद्याआडची साल झाड पुन्हा पुन्हा भरून काढतं, अळी तीच खाते. अशी पाच-सहा वर्षं काढते. आणि पंख फुटल्यावर खायला तोंडच नसतं! दोन दिवसांत जोडी जमवायची, अंडी विखरायची, संपलं. मी दिवा मालवला आणि अंधारातच भांडी उरकली. त्याची रात्र माझ्या काचेवर कशाला जाऊ दे?

सकाळी आजींनी पुरीरीचं झाड दाखवलं. पान हातात घेतलं आणि आईचे गुडघेच आठवले. एका देठाला बोटांसारखी पानं, आपल्या निर्गुडीगतच, फक्त रुंद आणि चकचकीत. दोन्ही खरोखर एकाच कुळातली निघाली. खोडाला जुनी भोकं आहेत, तरी आजी झाडाला हात लावू देत नाहीत. पतंग उडून गेला की त्या बिळात वेटा म्हणून मोठे किडे राहायला येतात.

आता कामाचं. दादा परड्यात गडग्याच्या जागी भिंत घालतोय आणि निर्गुडी आड येते म्हणून काढणार म्हणतो. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. दिवाळीला माहेरी गेलीस की सांग, भिंत दोन हात अलीकडून घे. वरचा खर्च मी पाठवतो. आईच्या शेकाला पाला मग कुठनं आणणार तो?

तुझा धाकटा