कॅसेट कुणाची, पुस्तक कुणाचं

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय मन्या,

परवा फोनवर "किंडल घेऊ का रे?" एवढं विचारलंस आणि मी तोंड उघडायच्या आत तुझी मीटिंग सुरू झाली. व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकल्या असत्या, पण तू अंगठा टाकून मोकळा झाला असतास. म्हणून हे कागदावर. बंगळूरला पोचेपर्यंत तुझी खरेदी उरकली असेल तर उरकू दे, तरी वाच.

आधी उत्तर देऊन टाकतो: घे. पुस्तकं वाचायचंच यंत्र ते, डोळ्यांसाठी घे. मोबाईलचा पडदा मागून उजेड फेकतो. किंडलच्या पडद्यात केसाच्या जाडीच्या बारक्या कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण. वीज लावली की कण वरखाली होतात आणि अक्षर उमटतं. मग वीज काढून घेतली तरी ते तसंच राहतं. पुढचा दिवा बंद ठेवलास तर बॅटरी जाते ती मुख्यतः पान उलटताना. गच्चीवर भर उन्हात बसलास तरी कागदासारखं दिसतं. आणि त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्यावर दुसरं काही धड करताच येत नाही. सेकंड शिफ्ट करून शिरोलीच्या कारखान्यातून घरी येतो तेव्हा कानात मशीन घुमत असते. त्या वेळी हातात फोन आला की रील्स बघण्यात तास कधी गेला कळत नाही. किंडल हातात आलं तर दहा पानं होतात आणि झोप लागते. दोन्ही चांगलंच.

मराठी पुस्तकं त्यावर २०१६ च्या डिसेंबरपासून मिळतात. पण तुझी आवड मला माहीत आहे, तू जाणार जुन्याच्या मागं. तिथं जरा गंमत आहे. आपल्याकडं लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात, त्यानंतर कुणीही छापावं, कुणीही वाचावं. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यामुळं ते कधीच मोकळे झालेत. आपले खांडेकर मात्र १९७६ ला गेले, म्हणजे २०३७ उजाडेपर्यंत थांबायचं. राजारामपुरीत राहून गेलेला माणूस आपल्याला फुकट वाचायला अजून एवढा वेळ आहे बघ. आणि जे मोकळे झालेत त्यांची पुस्तकं बहुतेक स्कॅन केलेली असतात. सहा इंची पडद्यावर ते पान म्हणजे मुंग्यांची रांग. मोठं करायचं, उजवीकडं सरकवायचं, ओळ संपली की पुन्हा डावीकडं आणायचं. अर्ध्या पानातच इच्छा मरते. जुन्या स्कॅनसाठी मोठा टॅब बरा, किंवा सरळ वाचनालय.

आता खटकतं ते सांगतो. किंडलवर घेतलेलं पुस्तक तुला देता येत नाही. म्हणजे आख्खं यंत्रच उचलून दिलं तर गोष्ट वेगळी. आपण पैसे मोजून घेतो तो वाचायचा परवाना, पुस्तक नव्हे. आधी निदान संगणकावर उतरवून वायरीनं किंडलमध्ये टाकता यायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही सोय काढून टाकली. कायद्यानं बरोबरच असणार, अटींच्या त्या लांबलचक पानाखाली मी होय म्हटलंय. पण आपण दोघं वाचायला शिकलो ते कुणाच्या पुस्तकांवर, सांग? तुझ्या काकांच्या, वाचनालयाच्या, त्या रद्दीवाल्याच्या. स्वतःची अशी चार पुस्तकं नव्हती आपल्याकडं.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. म्हणजे १८५७ च्या आधीपासून या गावातली माणसं एकमेकांची बोटं लागलेली पानं वाचतायत. वाचनालयाच्या पुस्तकात ते असायचं, आठवतं? आतल्या पानावर पेन्सिलीनं, "माझे नाव पाहिजे असल्यास पान ४३ पाहा." ४३ वर, "एवढी घाई कशाला? पान ११२." ११२ वर, "आता पान ९." आणि ९ वर काय, तर "गाढवा, गोष्ट वाच." आपला पहिला गेम तोच म्हणायचा. वीज नाही, पडदा नाही, आणि बनवणारा कुठल्या पेठेतला हेही माहीत नाही. त्या पेन्सिलवाल्यांवर मी तेव्हा लई चिडायचो. आता वाचनालयाचं पुस्तक आणलं की आधी आतली पानं चाळतो, कुणी काही लिहिलंय का बघायला. हल्ली कोण लिहीत नाही.

टीव्ही गेमचंही तेच होतं. मशीन एकाकडं, रिमोट दुसऱ्याकडं आणि कॅसेट आख्ख्या गल्लीची. 'अमुक हजार इन वन' असं छापलेलं असायचं आणि आत तेच तेच गेम नावं बदलून. लागली नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. फुंकरीनं काही व्हायचं नाही बरं का, काढून परत बसवली की पिना जागेवर यायच्या, एवढंच. उलट तोंडातल्या ओलीनं पिना खराब व्हायच्या. पण हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी आपण फुंकलंच असतं.

तो मारिओ गेम मूळचा ४० केबीचा. रोज सकाळी काका ग्रुपवर सुप्रभात म्हणून जो फुलांचा फोटो टाकतात तो याच्याहून जड असतो. एवढ्याशा जागेत आठ जग बसवायची म्हणून करणाऱ्यांनी काय केलं, तर वरचा ढग आणि खालचं झुडूप एकच चित्र ठेवलं. पांढरं रंगवलं की ढग, हिरवं रंगवलं की झुडूप. एवढी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही. मला अशा काटकसरीचं कौतुक वाटतं, कारण आमच्या शॉपवरही, म्हणजे कारखान्यात, तसलं एक जुनं सीएनसी मशीन आहे, प्रोग्राम देऊन चालवायचं. त्याच्या माहितीपत्रकात मेमरी चक्क मीटरमध्ये लिहिली आहे! पूर्वी प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून असायचा, म्हणून ६४० मीटर म्हणजे साधारण २५६ केबी. नवीन पोरांना सांगितलं तर त्यांना वाटतं मी थापा मारतोय.

आणि कॉन्ट्रा, तो गोळीबाराचा गेम. रिमोटची बटणं या क्रमानं दाबायची: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीस जीव. हे कुणी शोधून काढलं ते मला फार उशिरा कळलं. कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोटो नावाचा प्रोग्रामर होता. १९८६ च्या सुमारास दुसराच एक गेम तो घरच्या मशीनवर आणत होता, पण तो गेम इतका अवघड की तपासायचा म्हटलं तरी त्याला स्वतःलाच शेवटपर्यंत खेळता येईना. म्हणून आपल्या सोयीसाठी ही चोरवाट ठेवली आणि ती तशीच राहून गेली. तो २०२० ला वारला. जपानमधल्या एका माणसानं स्वतःसाठी ठेवलेली वाट गंगावेशीतल्या पोराच्या तोंडून आपल्या वहीच्या मागच्या पानावर आली. इंटरनेट नव्हतं, मासिक नव्हतं. एकानं दुसऱ्याला सांगितलं, बस्स.

गेल्या मे महिन्यात भाचा आला होता. माळ्यावरून ते जुनं खोकं काढलं. मशीन चालू झालं, चित्र आलं, फक्त बदकं मारायचं पिस्तूल काही केल्या चालेना. पोरगं म्हणालं, "मामा, बिघडलंय." मी स्क्रू काढून उघडून दाखवलं. आत नळी, पुढं एक भिंग आणि भिंगामागं उजेड ओळखणारा बारका तुकडा, बाकी पोकळ. पिस्तुलातून काही सुटतच नाही, मन्या. ते नुसतं बघतं. घोडा दाबला की टीव्ही क्षणभर काळा होतो, मग जिथं बदक आहे तिथं फक्त पांढरा चौकोन येतो. पिस्तुलाला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. म्हणून तर बल्बकडं धरून फसवता येत नसे. जुन्या डब्ब्या टीव्हीत चित्र त्याच क्षणी उमटायचं. नवा टीव्ही आधी चित्रावर प्रक्रिया करतो, मग दाखवतो, तोवर पिस्तुलाचं बघून झालेलं असतं. म्हणजे पिस्तूल धडधाकट होतं, टीव्ही उशिरा जागा होत होता. पोरगं भिंग काढून घेऊन गेलं आणि दुपारभर त्यानं कागद जाळले. गेमपेक्षा ते त्याला जास्त आवडलं.

तुझी लेक मोबाईलवर किती वेळ असते म्हणून तू काळजी करतोस. मीही भाच्याची करायचो. तो बीजीएमआयवाला, म्हणजे पब्जीचाच भारतातला अवतार. पब्जी २०२० च्या सप्टेंबरात बंद झालं, पुढच्या वर्षी बीजीएमआय आलं, २०२२ च्या जुलैत तेही काढलं, २०२३ च्या मेमध्ये परत आलं. एवढं सगळं होऊन पोरांचं काही अडलं नाही. एका रात्री मी नुसता शेजारी बसून ऐकलं. स्क्वाडमध्ये एक इचलकरंजीचा, एक गडहिंग्लजचा, एक निपाणीचा, तो मधूनच कानडीत शिव्या देतो. आणि अर्धा वेळ बोलणं काय, तर "भावा, फाईव्ह फाईव्ह सिक्स दे की", "फर्स्ट एड आहे का कुणाकडं?", "थांब, मी उचलतो तुला." म्हणजे गोळ्या उसन्या, मलमपट्टी उसनी. गेम एकमेकांना देता येत नाही, तर पोरं गेमच्या आत देतायत! ते ऐकल्यापासून माझा राग पुष्कळ उतरला. बहिणीला म्हटलं, अभ्यास झाल्यावर खेळू दे, फक्त कपडे नि बंदुकीचे रंग विकत घ्यायला कार्ड देऊ नको. त्या रंगांनी गोळी काही जास्त लागत नाही.

पैसे लावून खेळायचे ते मात्र वेगळं. आमच्या शॉपमधला एक हुशार पोरगा पगार झाला की पत्त्यांच्या ॲपवर बसायचा आणि महिन्याच्या मध्यात उचल मागायला यायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा भल्याभल्यांनी रोजगार, कर वगैरे मुद्दे मांडले. मुद्दे खरे असतीलही. त्या पोराच्या आईला विचारून बघ.

विकत घेतलेला गेमही आपला राहतो असं समजू नकोस. 'द क्रू' नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. लोकांनी पूर्ण पैसे देऊन घेतलेला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि घरात डबी असलेल्यांचाही गेम संपला, कारण एकट्यानं खेळायलासुद्धा सर्व्हर लागायचा. आपली कॉन्ट्राची कॅसेट अजून चालते. ती कुणाची हे मात्र आजतागायत ठरलेलं नाही.

आता तू म्हणशील, मग कागदच घे की. तर २०१९ चा ऑगस्ट आठव. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी ५५ च्या वर. शाहूपुरीत आमच्या तळमजल्यावर पुस्तकांचं कपाट होतं. पाणी उतरल्यावर दार उघडेना, पुस्तकं फुगून आतून दाबून बसलेली. साधा कागद वाळवता येतो. उभं करून पानं पसरायची, पंखा लावायचा, मधे वर्तमानपत्र घालायचं आणि ते बदलत राहायचं. गुळगुळीत आर्ट पेपरचं काही खरं नाही. त्यावरचा लेप विरघळून पानं एकमेकांना चिकटतात आणि पुस्तकाची वीट होते. बाबांचा चित्रांचा एक ग्रंथ तसाच विटेसारखा टाकून दिला. दिवाळी अंक बचावले, पण कुबट वास काही गेला नाही. त्या आठवड्यात किंडलमधलं सगळं जसंच्या तसं होतं. त्यामुळं कागदाची आरती ओवाळणाऱ्यांत मला धरू नकोस.

आईचं तिसरंच आहे. मोतीबिंदूनंतर बारीक टाईप नको म्हणते, म्हणून पुस्तकं वाचून दाखवणारं स्टोरीटेल ॲप लावून दिलं. ते मराठीत २०१७ पासून आहे. आता भाजी निवडताना कादंबरी चालू असते. वाचणारा घाई करायला लागला की ती त्याला मोठ्यानं रागावते, "अरे, श्वास घे की!" वेग कमी करायचं बटण दाखवलं, तर म्हणाली, तसं नको, मग तो प्यायल्यासारखा बोलतो. आणि शेजारच्या काकू ऐकायला येऊन बसतात. वर्गणी एकीची, कान दोघींचे. हे त्या कंपनीला कळवू नकोस.

तर तू किंडल घे, लेकीला मात्र इकडं सुट्टीत पाठव. वाचनालयाचं कार्ड माझं आहेच, तिच्या नावानं आणखी एक काढू. आणि भाचा तिला पिस्तूल उघडून दाखवेल, हल्ली तो येईल त्याला दाखवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. किंडल घेताना जास्त जीबीचं घेण्यात पैसे घालवू नकोस. नुसत्या मजकुराची कादंबरी एखाद्या एमबीच्या आसपास असते, सगळ्यात कमी जागेच्या मॉडेलमध्येही हजारो मावतात. वाचलेल्या पैशात कव्हर घे, पडदा दाबला गेला की फुटतो.